पोकर शिकताना : आधी पाने टाकायला शिका, थाप शेवटी

पोकर शिकू पाहणारे बहुतेक जण सुरुवात थापेपासून करतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याची पाने कशी ओळखावीत, रिकाम्या हाताने डाव कसा मारावा, हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी हवे असते. आणि त्याच संध्याकाळी पाने उघडल्यावर आपला स्ट्रेट मोठा की समोरच्याचा फ्लश, हे मात्र त्यांना शेजाऱ्याला विचारावे लागते. गेली काही वर्षे मी नातेवाइकांना आणि मित्रांना हा खेळ शिकवतो आहे, आणि त्याच चुका त्याच जागी होताना पाहतो. त्यांचे मूळ शिकण्याच्या उलट्या क्रमात आहे. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत आणि त्या त्या टप्प्याची तपासणी जमल्याशिवाय पुढे जाऊ नये. येथे टेक्सास होल्डेमचा नो-लिमिट (किती लावायचे यावर वरची मर्यादा नसलेला) प्रकारच घेतला आहे, कारण सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार तोच आहे.

## टप्पा १ : साहित्य, माणसे आणि पैशाचा प्रश्न

५२ पानांचा एक कॅट घ्यावा आणि जोकर काढून टाकावेत. माणसे चार ते सहा असावीत. दोघांतच शिकायला सुरुवात करू नये, कारण दोघांच्या डावात ब्लाइंडचा (पाने वाटण्यापूर्वी सक्तीने ठेवायच्या रकमेचा) आणि बोलण्याचा क्रम बदलतो, आणि एरवी टाकून द्यावीत अशी पाने तिथे खेळण्याजोगी ठरतात. त्यामुळे पुढे चुकीची सवय लागते.

चिप्स विकत आणण्याची गरज नाही. चिंचोका १, राजम्याचा दाणा ५ आणि कॅरमची सोंगटी २५ असा भाव ठरवावा. प्रत्येकाला २० चिंचोके, १६ राजमे आणि ४ सोंगट्या दिल्या की बरोबर २०० होतात. चौघांना १६ सोंगट्या लागतात आणि कॅरमच्या डब्यात काळ्या-पांढऱ्या मिळून १८ असतात, म्हणजे भागते. पाचवा-सहावा माणूस आला तर सोंगटीच्या जागी शर्टाची बटणे घ्यावीत. छोटा ब्लाइंड १ आणि मोठा ब्लाइंड २ ठेवावा, म्हणजे प्रत्येकाकडे मोठ्या ब्लाइंडच्या १०० पट माल असतो. पुढची सारी उदाहरणे याच हिशेबाने दिली आहेत. वाटणाऱ्याची जागा दाखवायला एखादे झाकण घ्यावे. त्यालाच बटण म्हणतात.

चिंचोक्यांना पैशाचा भाव लावू नये. पैसा आला की शिकणारा चूक मान्य करण्याऐवजी ती भरून काढायला धावतो. शिवाय कायद्याची बाजू आहे : महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि २०२५ साली संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर बंदी घातली, खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. गोव्यातील परवानाधारक कॅसिनोंचा कायदा वेगळा आहे आणि तिथे २१ वर्षांखालील व्यक्तीला खेळता येत नाही.

सावधान : बंदीनंतरही परदेशातून चालणाऱ्या साइट्स आणि मेसेजिंग ॲपवरचे ‘क्लब’ नवशिक्यांना गाठतात. तिथे अडकलेले पैसे परत मागायला दाद कोणाकडे लावायची, हा प्रश्न उरतो. सरावासाठी फुकट, पैशाविना चालणारी ॲप्स पुरेशी आहेत.

## टप्पा २ : हातांची उतरंड, आणि तीन पत्तीची सवय मोडणे

प्रत्येकाला हातात दोन पाने मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पाने उघडतात. या सातांतून सर्वांत चांगली पाचच पाने मोजली जातात. वरून खाली क्रम असा : स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची सलग पाच; त्यातली दश्शी ते एक्का ही रॉयल), चौकडी (एकाच भावाची चार), फुल हाउस (तिकडी आणि जोडी), फ्लश (एका रंगाची पाच), स्ट्रेट (सलग पाच), तिकडी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर सर्वांत मोठे पान.

आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळून मोठ्या झालेल्या माणसाला हा क्रम पाठ होतो, पण हाताला उतरत नाही, कारण तीन पत्तीत रन (सलग तीन पाने) रंगापेक्षा (एका रंगाची तीन पाने) मोठी असते. कारण समजले की गोंधळ कायमचा जातो. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत नुसत्या रंगाचे १,०९६ आणि नुसत्या रनचे ७२०, म्हणजे रन दुर्मीळ. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००, म्हणजे आता फ्लश दुर्मीळ झाला. जे कमी वेळा येते ते मोठे, हा नियम दोन्ही खेळांत एकच आहे. पाने वाढल्यावर फक्त गणित उलटते.

तीन पत्तीतून येणाऱ्या आणखी तीन सवयी ओळखून ठेवाव्यात.

एक्का-दुर्री-तिर्री ही तीन पत्तीत वरच्या रनांपैकी एक मानली जाते. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सर्वांत लहान स्ट्रेट आहे आणि दुर्री ते छक्की त्याला हरवते. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः याच पानांवर समोरचे सगळे चिंचोके मध्ये ढकलले होते आणि पाने उघडल्यावर वाद घालत बसलो होतो. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असा वळसा घेणारा स्ट्रेट तर नसतोच.

दुसरी सवय रंगांची. इस्पिक बदामापेक्षा मोठे, असे होल्डेममध्ये काही नाही. चारही रंग समान आहेत आणि इथे हुकूमही नसतो. पाच पाने भावाने सारखी असतील तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे चिंचोके, वाटून घ्यायचा.

तिसरा घोटाळा शब्दाचा आहे. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पाने न पाहता खेळणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पाने वाटण्यापूर्वी दोघांनी सक्तीने ठेवायचे चिंचोके. पाने पाहण्यावर त्याने कोणतेही बंधन येत नाही.

याच टप्प्यावर सोबतचे पान, म्हणजे किकर, समजून घ्यावे. टेबलावर एक्का, राणी, सत्ती, चौकी, दुर्री आहे. तुमच्याकडे एक्का-राजा आणि समोर एक्का-नव्वी. दोघांचीही एक्क्यांची जोडी, पण तुमचा राजा त्यांच्या नव्वीला हरवतो. आता टेबलावर एक्का, राजा, राणी, गुलाम, छक्की असेल आणि एकाकडे एक्का-नव्वी, दुसऱ्याकडे एक्का-चौकी असेल, तर दोघांचीही उत्तम पाच पाने एक्का-एक्का-राजा-राणी-गुलाम हीच होतात आणि पॉट निम्मानिम्मा होतो. नव्वी मोठी असली तरी ती पहिल्या पाचांत बसतच नाही.

याच जातीची, पण अधिक महाग पडणारी चूक : हातात सत्तीची जोडी, टेबलावर दोन राजे, दोन अठ्ठ्या आणि एक्का. शिकणारा म्हणतो, माझ्या तीन जोड्या झाल्या. पोकरमध्ये तीन जोड्या नसतात. पाच पाने टेबलावरचीच राहिली, त्याच्या सत्त्या बाद झाल्या, आणि राजा किंवा अठ्ठी असलेला कोणीही त्याला हरवतो.

तपासणी : टेबलावर इस्पिकची नव्वी, अठ्ठी आणि सत्ती, चौकटची सत्ती आणि बदामचा राजा आहे. अ-कडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची दुर्री; ब-कडे चौकटचा गुलाम आणि किलवरची दश्शी; क-कडे किलवरचा आणि चौकटचा राजा; ड-कडे इस्पिकची छक्की आणि इस्पिकची पंजी. चौघांचा क्रम न थांबता सांगता आला पाहिजे. (ड-चा स्ट्रेट फ्लश, मग क-चे फुल हाउस, मग अ-चा फ्लश, शेवटी ब-चा स्ट्रेट.) अडखळायला झाले तर आणखी वीस वेळा नऊ-नऊ पाने उघडी वाटून नुसते विजेते ओळखावेत, त्या दिवशी चिंचोके लावूच नयेत.

## टप्पा ३ : एक डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत

बटणाच्या डावीकडचा माणूस छोटा ब्लाइंड ठेवतो, त्याच्या डावीकडचा मोठा. पाने डावीकडून एकेक करून वाटावीत. घरात उजवीकडे वाटण्याची सवय असेल तर ती इथे सोडावी, नाही तर पुढचा सगळा क्रम फिरतो. पहिल्या फेरीत मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडचा माणूस आधी बोलतो. त्याला तीन मार्ग असतात : टाकणे म्हणजे फोल्ड, तेवढेच लावणे म्हणजे कॉल, वाढवणे म्हणजे रेझ. तीन पत्तीत ज्याला पॅक होणे म्हणतात तेच फोल्ड.

फेरी संपली की वरचे एक पान उपडे बाजूला टाकून तीन पाने उघडतात, हा फ्लॉप. दुसरी फेरी, मग पुन्हा एक पान तसेच बाजूला टाकून चौथे पान, म्हणजे टर्न. तिसरी फेरी, मग तसेच पाचवे पान, म्हणजे रिव्हर, आणि शेवटची फेरी. फ्लॉपपासून पुढे प्रत्येक वेळी बटणाच्या डावीकडचा, अजून डावात असलेला पहिला माणूस आधी बोलतो आणि बटण शेवटी. आधी कोणी काही लावले नसेल तर चेक म्हणून बोलणे पुढे सोपवता येते.

रेझच्या किमान रकमेत सर्वाधिक गोंधळ होतो. आधीची वाढ जेवढी, निदान तेवढी वाढ करावीच लागते. मोठा ब्लाइंड २ असताना कोणी ६ वर नेले तर वाढ ४ ची झाली. पुढच्याला वाढवायचे असेल तर निदान १० वर न्यावे लागेल, ८ चालणार नाही.

माल संपलेला माणूस ऑल-इन होतो आणि त्याला फक्त स्वतः भरलेल्या रकमेइतकाच वाटा प्रत्येकाकडून मिळतो. एकाकडे ५०, दोघांकडे १२०-१२० असे तिघे ऑल-इन झाले तर ५०-५०-५० मिळून १५० चा मुख्य पॉट आणि उरलेल्या ७०-७० चा १४० चा बाजूचा पॉट. पहिल्याचा हात कितीही मोठा असो, बाजूच्या १४० वर त्याचा हक्क नाही. हे ढीग सुरुवातीला प्रत्यक्ष वेगळे मांडावेत. तोंडी हिशेब केला की भांडण ठरलेले.

सावधान : आपली पाळी येण्याआधी बोलू नये, कारण त्याने आधीच्या माणसाला फुकट माहिती मिळते. चिंचोके एका खेपेत पुढे सरकवावेत किंवा आधी तोंडाने रक्कम सांगावी. ‘तुझे सहा कॉल... आणि वर दहा’ असे दोन हप्त्यांत लावणे नियमाला धरून नाही. तोंडातून गेलेला शब्द बांधील असतो. आणि पॉट आपल्याकडे येईपर्यंत पाने हातातून सोडू नयेत.

तपासणी : पहिले वीस डाव सर्वांची पाने उघडी ठेवून खेळावेत. कोणी कधी बोलायचे हे कोणालाही विचारावे न लागता पाच डाव सलग पार पडले की हा टप्पा संपला.

## टप्पा ४ : बसण्याची जागा

शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केले ते दिसलेले असते. पहिल्यांदा बोलणारा अंधारात लावतो. पोकरमधला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे. तीच पाने बटणावर कमाई करतात आणि पहिल्या जागेवर माल घालवतात. किलवरची दश्शी आणि बदामचा गुलाम घेऊन पहिल्या जागेवरून आत शिरलेल्या माणसाच्या मागे आणखी पाच जण बोलायचे बाकी असतात. त्यांतला एक जरी वर गेला तरी त्याला एक तर लावलेले सोडून द्यावे लागते किंवा उरलेला डाव वाईट जागेवरून ओढावा लागतो.

सवय अशी लावावी की पाने उचलण्याआधी झाकण कुठे आहे ते पाहायचे आणि आपल्या मागे किती जण बोलायचे आहेत ते मनात मोजायचे. मगच पाने पाहावीत.

## टप्पा ५ : कोणती पाने खेळावीत

शिकणाऱ्याचे सर्वाधिक चिंचोके इथे जातात, म्हणून हा टप्पा सावकाश घ्यावा.

दोन पानांच्या १,३२६ जुळण्या संभवतात. कोणतीही विशिष्ट जोडी, उदाहरणार्थ दोन एक्के, ६ प्रकारे येते. एकाच रंगाची विशिष्ट दोन पाने ४ प्रकारे. वेगवेगळ्या रंगांची १२ प्रकारे. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. घरच्या टेबलावर तासाला तीस डाव झाले तरी सात तासांत एकदा. अशा पानांची वाट पाहत बसणे जितके निरुपयोगी, तितकेच कंटाळून हातात आले ते खेळणे घातक. मधली वाट यादीची आहे.

सहा जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून सुरुवातीचे काही आठवडे एवढेच खेळावे : सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगाचे असतील तरच एक्का-गुलाम, एक्का-दश्शी व राजा-राणी. हे १,३२६ पैकी ९२ झाले, म्हणजे सुमारे सात टक्के. यादी मुद्दाम कडक ठेवली आहे. मुरलेला खेळाडू याहून बराच सैल खेळतो, पण फ्लॉपनंतरचे निर्णय अजून कच्चे असताना पाने पक्की असलेली बरी.

बटणावर आणि आधी कोणी वाढवलेले नसेल तर यादी मोठी होते : सर्व जोड्या, एका रंगाचा एक्का आणि सोबत कोणतेही पान, वेगळ्या रंगाचा एक्का सोबत दश्शी किंवा वरचे पान, रंग कोणताही असो राजा-राणी व राजा-गुलाम, आणि एका रंगाची असतील तरच राजा-दश्शी, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती. हे २३४ होतात, म्हणजे साडेसतरा टक्के. मधल्या जागांवर या दोन याद्यांच्या मध्ये राहावे.

खेळायचे ठरले तर नुसते २ लावून आत येऊ नये. ६ वर वाढवून यावे. त्याने ब्लाइंड तिथेच मिळण्याची शक्यता निर्माण होते आणि वाटेल ती पाने घेऊन स्वस्तात फ्लॉप पाहणारे कमी होतात. आपल्याआधी कोणी वाढवले असेल तर बटणाची यादी बाजूला ठेवून पहिल्या जागेची कडक यादी लावावी.

‘पण दोन्ही इस्पिकचीच होती’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. एका रंगाच्या दोन पानांना फ्लॉपवरच पूर्ण फ्लश मिळण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे. एकरंगी असणे हा चांगल्या पानांवरचा थोडासा लाभ आहे. राजा-तिर्री ही पाने एका रंगाची झाली म्हणून खेळण्याजोगी होत नाहीत. लहान जोडीचेही तसेच : फ्लॉपवर तिची तिकडी साधारण साडेआठ वेळा एकदा होते. इतर वेळी वर मोठी पाने पडली आणि कोणी लावले, तर ती निमूट टाकता आली पाहिजे.

तपासणी : एक संध्याकाळ प्रत्येक डावात खेळलो की टाकला, एवढ्याच खुणा वहीत कराव्यात. सहा जणांत शंभरापैकी पंचवीसहून अधिक डावांत तुम्ही स्वतःहून चिंचोके टाकले असतील तर यादी पाळली गेलेली नाही.

## टप्पा ६ : उपयोगी पाने मोजणे आणि भाव पाहणे

हात अजून पूर्ण झालेला नाही, पण होऊ शकतो, अशा वेळी कॉल करावा की टाकावे हे मनाच्या कौलावर सोडू नये. त्याचे गणित चौथी-पाचवीतले आहे.

आपला हात पुरा करणारी किती पाने कॅटात उरली ते आधी मोजावे. हातात दोन इस्पिक आणि फ्लॉपवर दोन इस्पिक असतील तर १३ पैकी ४ दिसली, ९ उरली. दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेट असेल, उदाहरणार्थ सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी, तर ८ उरतात. मधलेच एक पान हवे असेल तर ४. पुढच्या एका पानावर ते येण्याची टक्केवारी काढायला या संख्येला साधारण २ ने गुणावे. फ्लॉपवर असताना पुढची दोन्ही पाने नक्की दिसणार असतील तर ४ ने. नऊ पानांची शक्यता एका पानावर सुमारे १९ टक्के आणि दोन पानांवर ३५ टक्के येते, म्हणजे ढोबळ गुणाकार पुरेसा जवळ जातो.

मग भाव पाहावा : मला जेवढे लावायचे आहे ते, मी लावल्यानंतर होणाऱ्या एकूण पॉटच्या किती टक्के आहे? पॉट १०० असताना समोरच्याने ५० लावले, तर माझे ५० धरून पॉट २०० होईल. ५० म्हणजे त्याचे २५ टक्के. जिंकण्याची शक्यता त्याहून जास्त असेल तर कॉल परवडतो. येथे बहुतेक जण स्वतःचे ५० मिळवायला विसरतात आणि ५० भागिले १५० करतात.

आता एक डाव जवळून पाहू. तुम्ही मोठ्या ब्लाइंडवर आहात, हातात इस्पिकची दश्शी आणि नव्वी. बटणाने ६ वर नेले, छोट्या ब्लाइंडने पाने टाकली, तुम्ही वरचे ४ भरून कॉल केला. पॉट १३. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री. तुम्ही चेक केले, बटणाने ६ लावले. कॉल केल्यास पॉट २५ होईल. ६ म्हणजे २४ टक्के. पुढच्या पानावर इस्पिक येण्याची शक्यता १९ टक्के. नुसत्या आकड्याने थोडे कमी पडते, पण इस्पिक आल्यावर समोरचा आणखी काही देईल हे धरता कॉल योग्य आहे.

टर्नवर बदामची तिर्री पडली, कामाची नाही. पॉट २५ असताना बटणाने २० लावले. आता कॉल केल्यास पॉट ६५ आणि भाव जवळजवळ ३१ टक्के; शक्यता मात्र ४६ पैकी ९, सुमारे साडेएकोणीस टक्केच. याचा अर्थ चिंचोक्यांत पाहू : हा प्रसंग ४६ वेळा आला तर ३७ वेळा तुमचे २० जातील, म्हणजे ७४०. ते नऊ यशस्वी वेळांत भरून यायचे तर प्रत्येक वेळी सुमारे ८२ मिळाले पाहिजेत. पॉटमध्ये आहेत ४५. उरलेले ३७ दर वेळी रिव्हरवर काढता आले पाहिजेत, आणि टेबलावर तिसरे इस्पिक पडलेले दिसल्यावर कोणताही सावध माणूस हात आखडता घेतो. पाने टाकावीत. याच टर्नवर त्याने फक्त ६ लावले असते तर भाव १६ टक्के झाला असता आणि कॉल निःशंक करावा लागला असता. पाने तीच, टेबल तेच. बदलली ती रक्कम, आणि निर्णय उलटला.

सावधान : फ्लॉपवर ४ ने गुणून कॉल करणे ही नेहमीची चूक आहे. टर्नवर पुन्हा लावावे लागणार असेल तर तुम्ही एकाच पानाचे पैसे मोजत आहात, म्हणून २ नेच गुणावे. ४ ने गुणण्याचा हक्क कोणीतरी ऑल-इन असून पुढे काही लावायचे नसेल तेव्हाच मिळतो. आणि टेबलावर जोडी पडली असेल तर आपल्या नऊ पानांपैकी काही पाने समोरच्याचे फुल हाउसही पुरे करू शकतात. ती पूर्ण धरू नयेत.

## टप्पा ७ : किती लावावे आणि कशासाठी

चिंचोके पुढे सरकवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : माझ्याहून हलके हात कॉल करावेत म्हणून मी लावतो आहे, की माझ्याहून भारी हात टाकले जावेत म्हणून? दोन्हींपैकी एकही उत्तर नसेल तर चेक करावे. ‘मी कुठे आहे ते कळावे म्हणून’ लावलेले चिंचोके बहुधा परत येत नाहीत.

रक्कम नेहमी पॉटच्या मापाने ठरवावी. फ्लॉपनंतर अर्ध्यापासून पाऊण पॉटपर्यंत लावणे शिकणाऱ्याला पुरते. ४० च्या पॉटमध्ये ४ लावणारा समोरच्याला आठ टक्क्यांच्या भावात पुढचे पान विकतो, आणि मग त्याचा फ्लश लागला की नशिबाला बोल लावतो. दुसरी खूण सगळ्या टेबलाला कळते : भारी हात असला की मोठी रक्कम, हलका असला की लहान. दोन्ही वेळा रक्कम सारखीच ठेवावी.

## टप्पा ८ : थाप

आता थापेकडे यायला हरकत नाही. पॉट २० असताना १० लावून थाप मारली तर १० गमावण्याच्या जोखमीवर २० मिळवायचे आहेत. तीनांत एकदा समोरच्याने पाने टाकली तरी बरोबरी होते. पूर्ण पॉट लावला तर दोनांत एकदा टाकली पाहिजेत. समोर दोघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा टाकत असेल, तर दोघेही टाकण्याची वेळ चारांत एकदाच येते. म्हणून समोर एकाहून अधिक जण डावात असताना थाप मारू नये, आणि ‘बघू तरी काय आहे’ म्हणून शेवटपर्यंत कॉल करणाऱ्यावर तर कधीच नाही. घरच्या टेबलावर असा एक तरी माणूस असतोच. त्याच्यासमोर चांगला हात घेऊन मोठे लावणे एवढेच काम करावे.

सुरुवात अर्ध्या थापेने करावी : हात अजून झालेला नाही, पण नऊ-आठ पाने त्याला पुरे करू शकतात. समोरच्याने टाकले तर पॉट मिळाला, कॉल केला तरी पान येऊ शकते. निव्वळ थापेला हा दुसरा आधार नसतो. थाप मारताना पहिल्या फेरीपासूनची गोष्ट जुळली पाहिजे. फ्लॉप आणि टर्नवर चेक करत आलेला माणूस रिव्हरवर कोणाच्याच कामाचे नसलेले पान पडताच सगळा माल ढकलतो, तेव्हा त्याच्याकडे नेमके काय असावे हे समोरच्याला सुचत नाही, आणि मग तो कॉल करतो. चेहरा वाचण्याच्या नादी या टप्प्यावर लागू नये; कोण कोणत्या जागेवरून किती लावतो हे चेहऱ्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

## टप्पा ९ : नोंदवही

दोन एक्के कोणत्याही अनोळखी दोन पानांसमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, आणि दोन राजांसमोरही पाचांत चारदाच. योग्य खेळूनही पाचव्या वेळी हार येते, म्हणून एका संध्याकाळच्या हारजितीवरून स्वतःला मापू नये. प्रत्येक बैठकीनंतर तीनच डाव लिहावेत : जागा, दोन पाने, प्रत्येक फेरीला पॉट किती आणि लावायचे किती होते, आणि त्या क्षणी काय विचार केला. निकाल शेवटच्या ओळीत लिहावा आणि वही पुन्हा वाचताना तो हाताने झाकून ठेवावा.

दोन डाव ओळीने हरल्यावर पुढच्या डावात यादीबाहेरची पाने उचलली गेली, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवून त्या डावाची नोंद सर्वांत आधी करावी. अशा दहा बैठकींच्या, म्हणजे तीस डावांच्या नोंदी झाल्या की पाचव्या टप्प्यातल्या याद्या पुन्हा उघडाव्यात आणि बटणाच्या यादीत एका वेळी दोन पानांची एकच नवी जुळणी घालून पाहावी.